नवा चक आऊट फिरतोय? आधी त्याच्या मागे बघा

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या लहान लेथच्या स्पिंडल नोजवर (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या पुढच्या टोकावर) आटे आहेत. त्यावर बाजारात तयार मिळणारी बॅकप्लेट (स्पिंडल आणि चक यांच्यामधली चकती) आणि १०० मिमीचा नवा तीन जॉचा चक (जॉब पकडणारा, तीन जबड्यांचा) बसवला. चकात रॉड धरून डायल (काट्याचं मापक) लावली तर काटा ०.१५ मिमी फिरतो, म्हणजे रॉड आऊट (केंद्राबाहेर) फिरतोय. चक परत करावा, बॅकप्लेट बदलावी, की जॉ ग्राइंड करून घ्यावेत?

यातलं एकही काम आज करू नका. जॉ ग्राइंड करायचं तर मनातूनच काढून टाका, ते का हे पुढे येईलच. डायलवर दिसणारा ०.१५ हा आकडा एकट्या चकाचा नाही. त्यात स्पिंडल आहे, स्पिंडलचा खांदा (नोजच्या मुळाशी असलेली, प्लेट टेकण्याची पायरी) आहे, बॅकप्लेटच्या दोन्ही बाजू आहेत, चकाची बॉडी, आतला स्क्रोल (जॉ सरकवणारी सर्पिल खाचांची चकती), तीन जॉ आहेत, आणि हातातला रॉडही आहे. प्रत्येकाने आपापला वाटा टाकलाय. कोणाचा किती हे वेगळं काढल्याशिवाय कुठलाही भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि वाटे वेगळे काढायचे तर मागून पुढे यावं लागतं, म्हणजे स्पिंडलपासून सुरुवात आणि जॉ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण चक डोळ्यासमोर असतो आणि खांदा दिसत नाही.

आकड्याबद्दल एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. काटा पूर्ण फेरीत ०.१५ फिरला म्हणजे केंद्र ०.०७५ मिमी सरकलेलं आहे. डायल नेहमी दुप्पट दाखवते. नव्या, बऱ्या दर्जाच्या तीन जॉच्या चकात ०.०५ ते ०.०८ पर्यंत काटा फिरणं नेहमीचंच आहे. तेव्हा शून्य शोधायचंच नाहीये. तुमच्या ०.१५ पैकी निम्मं कुठून आलं, एवढाच शोध आहे.

मोजण्याच्या साधनापासून सुरुवात करू. तुम्ही कुठला रॉड धरलात हे लिहिलेलं नाही. साधा ब्राइट बार (ओढून गुळगुळीत केलेला रॉड) असेल तर ते मोजमाप बाद समजा, कारण तो पूर्ण गोल नसतो आणि सरळ तर क्वचितच असतो. ग्राइंड केलेली डॉवेल पिन, चांगल्या एंड मिलची शँक किंवा लिनिअर बेअरिंगचा कडक शाफ्ट वापरा. रॉडवर आणि जॉवर मार्करने खुणा करा, काट्याचा सगळ्यात उंच बिंदू कुठे येतो ते लिहून ठेवा. मग जॉ ढिले करून रॉड १२० अंश फिरवा, परत आवळा, परत मोजा. उंच बिंदू रॉडबरोबर फिरला तर रॉड वाकडा आहे. तो त्याच जॉपाशी राहिला तर दोष रॉडच्या मागे आहे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यातच बऱ्याच जणांचा प्रश्न संपतो.

लिव्हरची डायल वापरत असाल तर तिची काडी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. काडी ३० अंशांनी कललेली असेल तर डायल खऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के जास्त दाखवते. मॅग्नेटिक स्टँड पक्का बसलाय का हे बोटाने हलका दाब देऊन बघा, दाब काढल्यावर काटा जागेवर यायला हवा. आणि मशीनचा प्लग काढून, चक हाताने फिरवूनच मोजा.

आता चक आणि बॅकप्लेट दोन्ही उतरवा. नोज केरोसीनने धुवा, आट्यांच्या तळातून ब्रश फिरवा, कोरड्या कापडाने पुसा. नंतर खांद्यावरून बोटाचं टोक सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. काही जाणवलं तर बारीक ऑइलस्टोन सपाट धरून फक्त तेवढाच उंचवटा काढा. कानस तिथे लावू नका.

खांद्यावर मी एवढा का अडून बसलोय, ते हिशोबाने सांगतो. लहान लेथवर खांद्याचा व्यास ४० मिमीच्या आसपास धरा. त्याच्या एका कडेला ०.०२ मिमीचा एक कण अडकला. केसाच्या निम्म्याहूनही बारीक. बॅकप्लेट तेवढीच तिरकी बसली. खांद्यापासून १२० मिमी पुढे, म्हणजे तुम्ही जिथे डायल लावता तिथे, केंद्र ०.०६ मिमी सरकलं, आणि डायलवर दिसले ०.१२. तुमचा जवळजवळ सगळा आकडा एका कणात आला. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी चक खोलून, जॉ उलटसुलट घालून शोधत बसलो होतो. शेवटी खांद्याच्या कोपऱ्यात दाबून बसलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा कण सापडला. तेव्हापासून चक चढवण्याआधी खांदा, आटे आणि बॅकप्लेटची मागची बाजू पुसल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

नोज साफ झाल्यावर तीन ठिकाणी डायल लावा: आट्यांच्या मागच्या गुळगुळीत दंडगोलावर, म्हणजे रजिस्टरवर, खांद्याच्या फेसवर (सपाट बाजूवर) आणि स्पिंडलच्या आतल्या टेपरमध्ये. धडधाकट लेथवर हे तिन्ही आकडे ०.०१ च्या आत यायला हवेत. मग नोजखाली लाकडी दांडा घालून हलकेच वर उचला आणि डायल किती हलते ते बघा. पुढे-मागे ढकलूनही बघा. ०.०२ किंवा ०.०३ चा खेळ दिसला तर बेअरिंगचं समायोजन आधी करा. स्पिंडलच जागेवर राहत नसेल तर पुढचं प्रत्येक माप खोटं येणार, आणि त्या मापावर कापलेली बॅकप्लेटही.

स्पिंडल बरा निघाला तर बॅकप्लेटकडे या. माझ्या अनुभवात घरच्या वर्कशॉपमधला दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतो.

आट्यांनी बॅकप्लेट केंद्रात बसते असा समज आहे, तो चुकीचा आहे. आटे फक्त ओढून धरतात. केंद्र ठरवतं गुळगुळीत रजिस्टर आणि काटकोन ठरवतो खांदा. म्हणून आटे किंचित ढिलेच हवेत. ते घट्ट असले तर प्लेटला स्वतःच्या मनाप्रमाणे खेचतात आणि खांद्यावर नीट बसू देत नाहीत. मायफोर्डच्या सात मालिकेतल्या लेथचा नोज १⅛ इंचाचा, इंचाला १२ आट्यांचा. साउथ बेंडच्या नऊ इंची लेथचा १½ इंचाचा, ८ आट्यांचा. हे आकडे सारखे म्हणून तयार मिळालेली प्लेट चढते खरी, पण चढणं वेगळं आणि बसणं वेगळं.

बसते का हे बघायला खांद्यावर मार्किंग ब्लूचा अगदी पातळ थर लावा, प्लेट हाताने शेवटपर्यंत आवळा, काढा, आणि मागच्या फेसवर निळं कुठे उमटलं ते बघा. पूर्ण कडं उमटलं तर उत्तम. अर्धचंद्र उमटला तर मागचा फेस तिरका आहे. काहीच उमटलं नाही तर प्लेट खांद्यापर्यंत पोहोचतच नाहीये. तेव्हा बोअरच्या तोंडाशी पहिला आटा नोजच्या मुळाशी अडतोय का ते बघा. तिथे एक-दीड आट्याएवढं काउंटरबोअर केलं (भोक मोठं करून आटे काढले) की प्लेट आत सरकते. तिरका फेस दुरुस्त करायला प्लेट चार जॉच्या चकात पुढच्या बाजूने धरा, तिच्या बोअरमधलं गुळगुळीत रजिस्टर डायलने शून्यावर आणा आणि मागच्या फेसवरून हलका कट घ्या. बोअर आणि मागचा फेस असे एकाच बांधणीत जुळले की प्लेटची मागची बाजू कायमची मार्गी लागली.

पुढची बाजू मात्र तुमच्याच लेथवर, तुमच्याच स्पिंडलवर चढवून कापायची. यात तडजोड नको. दुसऱ्या मशीनवर कितीही अचूक केलेली प्लेट तुमच्या स्पिंडलसाठी अचूक असेलच असं नाही. इथे तयार प्लेटची एक अडचण आहे. तिचा स्पिगॉट (चकाच्या मागच्या खोबणीत बसणारा गोल उंचवटा) आधीच मापावर आणलेला असतो. तो ०.०४ ने आऊट फिरत असेल आणि तुम्ही त्यावरून कट घेतलात, तर तो केंद्रात येईल पण चकाच्या मागच्या खोबणीत ढिला होईल. म्हणून शक्य असेल तेव्हा मागची बाजू तयार आणि पुढची बाजू कच्ची अशी प्लेट घ्यावी. तुमच्याकडे तयार आलीच आहे, तर तिचाही मार्ग आहे, तो जरा पुढे सांगतो.

कच्ची प्लेट कापताना काय करायचं ते बघू. प्लेट बहुतेक बिडाची असते. वरची ओतीव कातडी कडक आणि वाळूकण धरून असलेली असते, म्हणून पहिला कट तिच्या खाली जाईल एवढा खोल घ्या, नाहीतर टूलची धार कातडीवर घासूनच मरते. तेल किंवा कूलंट लावू नका, बीड कोरडंच कापतात. त्याची काळी भुकटी तेलात मिसळली की पॉलिशच्या पेस्टसारखी बेड खाते. बेडवर कागद किंवा कापड अंथरा (फिरत्या चकापासून दूर, टोकं लोंबकळणार नाहीत असं), काम झाल्यावर व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मग बेड पुसून ताजं तेल द्या. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला मिनिटाला २० मीटरचा वेग धरला तर १०० मिमी व्यासावर फेरे येतात ६४ च्या आसपास. लहान लेथवर एवढा कमी वेग मिळत नसेल तर कार्बाइड घ्या, ते तिप्पट वेग आरामात सोसतं.

फेस घेताना कॅरेज (बेडवरून टूल वाहणारा भाग) लॉक करा. शेवटचा कट ०.०५ चा, बारीक फीडने, मध्ये न थांबता. कापल्यावर त्याच फेसवर डायल लावून स्पिंडल फिरवलात तर शून्य येईल, आणि त्याचा काहीही अर्थ नाही. जो टूल ज्या स्पिंडलवर चालला त्याचाच तो आरसा आहे. खरी परीक्षा वेगळी आहे: प्लेट पूर्ण उतरवा, सगळं पुसा, परत चढवा, परत मोजा. असं तीनदा करा. तिन्ही वेळा ०.०१ च्या आत आली तर प्लेट खांद्यावर प्रामाणिकपणे बसतेय. दर वेळी वेगळा आकडा आला तर पुढे जाऊ नका, निळ्या रंगाकडे परत या. या परीक्षेत पास न होणाऱ्या प्लेटवर स्पिगॉट कापणं म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी काढणं.

फेसवर पट्टी धरून उजेडाकडे बघा. मध्यभाग किंचित खोल असला तर चालतो, उलट बराच, कारण चक बाहेरच्या कडेवर टेकतो. मध्यभाग फुगलेला असला तर मात्र चक डुलतो, बोल्ट आवळाल त्या बाजूला झुकतो.

आता स्पिगॉट. चकाच्या मागच्या खोबणीचा व्यास व्हर्नियरच्या आतल्या जॉनी मोजून विसंबू नका. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर असेल तर ठीक. नसेल तर खुद्द चकालाच गेज करा. सर्रास मिळणाऱ्या चकांमध्ये ८० मिमीच्या चकाला ५५, १०० च्या चकाला ७२ आणि १२५ च्या चकाला ९५ मिमीची खोबण असते. तुमची स्वतः मोजून खात्री करा, पण आपण कुठे पोहोचतोय याचा अंदाज त्यावरून येतो. मापापेक्षा ०.३ मिमी मोठा असतानाच थांबा. मग स्पिगॉटच्या टोकाचा फक्त एक मिमी रुंद पट्टा कापत मापाकडे जा आणि दर कटनंतर चक लावून बघा. पट्ट्यावर चक बसला की क्रॉस स्लाइडचा (टूल आडवा आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडचा) तोच आकडा धरून उरलेली लांबी कापायची. चुकलातच तर त्या एका मिमीवर चुकाल.

एवढे बारीक कट क्रॉस स्लाइडच्या डायलवर घेणं जमत नसेल तर टॉप स्लाइड (तिच्यावरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) बेडच्या दिशेशी ५.७ अंशांवर फिरवा. या कोनात टॉप स्लाइड ०.१ मिमी पुढे गेली की टूल फक्त ०.०१ मिमी आत जातो. स्वस्त मशीनचीही टॉप स्लाइड मग मायक्रोमीटरसारखी वागते. ही युक्ती मी रोज वापरतो.

मोजण्याआधी प्लेट थंड होऊ द्या. बिडाचा ७२ मिमीचा स्पिगॉट दहा अंशांनी तापला तर व्यासात सात-आठ मायक्रॉनने फुगतो. माझ्या पहिल्या बॅकप्लेटचा स्पिगॉट मी कोमट असतानाच जुळवला. चक रेशमासारखा सरकला, मला फार आनंद झाला, आणि सकाळी तोच चक त्यावर हलताना जाणवला. ०.०१ ते ०.०२ मिमीची मोकळीक योग्य: चक हाताच्या दाबाने सरकावा, हातोड्याची गरज पडू नये, आणि बसल्यावर खडखडू नये. ठोकून बसवलेला चक पुढे काढताना कडा मोडतो.

दोन बारीक गोष्टी इथेच राहून जातात. स्पिगॉटची उंची खोबणीच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी तरी कमी ठेवा, नाहीतर चक स्पिगॉटच्या माथ्यावर टेकेल आणि फेस अधांतरी राहील. आणि स्पिगॉटच्या मुळाशी, जिथे तो फेसला मिळतो तिथे, टूलच्या टोकाची गोलाई उरते. चकाची कड त्या गोलाईवर चढली की बसणं बिघडलं. म्हणून तिथे छोटी खाच मारा.

बोल्ट चकाला केंद्रात आणत नाहीत, फक्त दाबून धरतात. म्हणून भोकांना मोकळीक हवीच: एम८ च्या बोल्टला ९ मिमीचं भोक. जागा आखण्यासाठी चकाच्या आटे असलेल्या भोकांत टोकदार केलेले ग्रब स्क्रू उलटे घालून, चक स्पिगॉटवर बसवून, रबरी हातोडीने हलका ठोका द्या. प्लेटवर तीन बिंदू उमटतात, मोजमापाची भानगडच नाही. ड्रिल केल्यावर प्रत्येक भोकाची कड काउंटरसिंकने मोडा. चकाच्या आटे असलेल्या भोकांचीही मोडा. आट्यांची कड वर आलेली असते आणि तीच फेसला फेसपासून दूर ठेवते. बोल्ट भोकाच्या तळाला टेकत नाही ना, हेही बघा. लांब बोल्ट आत दाबला गेला की चक आवळल्यासारखा वाटतो पण फेस सुटाच राहतो, कधी स्क्रोलही जड फिरायला लागतो.

चक लावला, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. आता परत तोच ग्राइंड केलेला रॉड धरा आणि दोन ठिकाणी मोजा: जॉपासून १५ मिमीवर आणि १०० मिमीवर. या दोन आकड्यांतच सगळं निदान आहे. दोन्हीकडे सारखा आकडा आणि उंच बिंदू एकाच दिशेला असेल तर चक सरळ आहे, फक्त बाजूला सरकलाय. बाहेर जाता जाता आकडा वाढला तर चक तिरका आहे किंवा जॉ तोंडाशी फाकलेत. मग चक प्लेटवर एक भोक पुढे, म्हणजे १२० अंश फिरवून बसवा. उंच बिंदू चकाबरोबर गेला तर दोष चकाचा, तो स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिला तर दोष प्लेटचा. तिन्ही जागा मोजा. प्लेटची आणि चकाची चूक एकमेकांच्या विरुद्ध आली की आकडा आपोआप कमी होतो. ती जागा सापडली की प्लेटवर आणि चकावर पंचने खूण करून ठेवा.

चकातच दोष दिसला तरी लगेच परत पाठवू नका. नवा चक कारखान्यातून येताना आत भुकटी आणि चिकट संरक्षक तेल घेऊनच येतो. खोला, केरोसीनने स्क्रोलची प्रत्येक खाच आणि जॉचे दात धुवा, कडांवरची बर (उरलेली धारदार कड) काढा. जोडताना जाड ग्रीस भरू नका, त्यात कीस अडकून बसतो. पातळ तेलाचा हात पुरे. जॉ १, २, ३ याच क्रमाने घाला. चावीची तीन भोकं असतील तर तिन्हींतून वेगवेगळं आवळून आकडे बघा. सहसा एका भोकातून आवळल्यावर आकडा सगळ्यात कमी येतो. त्याला खूण करा आणि शेवटचं आवळणं नेहमी तिथूनच करा. तसंच १०, २० आणि ४० मिमी अशा वेगवेगळ्या व्यासांवर मोजा. स्क्रोल हा सर्पिल आहे, तो प्रत्येक फेरीत सारखाच अचूक नसतो, म्हणून तीन व्यासांवर तीन आकडे येणं हे तीन जॉच्या चकाच्या स्वभावातच आहे.

जॉ ग्राइंड करण्याला माझा विरोध याच कारणाने आहे. ग्राइंड करताना जॉवर खरा दाब हवा, त्यासाठी जॉत कडं किंवा खास प्लेट अडकवावी लागते. दाबाशिवाय ग्राइंड केलेले जॉ रॉड धरताच वेगळे बसतात. एवढं करून जी चूक निघते ती फक्त त्या एका व्यासावरची. शिवाय ग्राइंडिंगची धूळ चकात आणि बेडवर जाते. नव्या चकाला तर हे करूच नये. जुना चक ज्याचे जॉ तोंडाशी खरोखर झिजून फाकलेत, त्याच्यासाठी हा उपाय राखून ठेवा.

आता तयार प्लेटवाल्यांचा मार्ग. चक साफ केला, प्लेटचा फेस तुमच्या स्पिंडलवर घेतला, तीनदा चढवून उतरवून पडताळला, आणि तरीही रॉड दोन्ही ठिकाणी सारखाच, म्हणा ०.०८ ने आऊट आहे. तेव्हा स्पिगॉटचा व्यास ०.३ मिमीने मुद्दाम कमी करा. बोल्ट निम्मे आवळा, रॉडवर डायल लावा, उंच बिंदू वर आणा आणि चकाच्या बॉडीवर नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके देत काटा निम्म्यावर आणा. फिरवा, बघा, परत ठोका. ०.०१ च्या आत आलं की बोल्ट आळीपाळीने पूर्ण आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना थोडं सरकतंच. ग्रिपट्रू किंवा अ‍ॅडजस्ट-ट्रू नावाने मिळणाऱ्या चकांत हीच कल्पना असते, फक्त ढकलायला बाजूने स्क्रू दिलेले असतात.

स्पिगॉट ढिला केला म्हणजे चक निव्वळ बोल्टांच्या दाबावर आणि फेसच्या घर्षणावर उभा आहे, हे मात्र विसरू नका. षटकोनी किंवा चौकोनी जॉबवर जोराचा तुटक कट घेतलात, किंवा टूल घुसला, तर तो सरकू शकतो. मी माझ्या लेथवर घट्ट स्पिगॉटच ठेवलाय आणि ०.०५ च्या आऊटसह सुखाने काम करतो. बारीक, पुन्हा पुन्हा पकडायच्या जॉबसाठी ढिला स्पिगॉट मी दुसऱ्या चकाला ठेवलाय.

कारण तीन जॉच्या चकाची अचूकता कधी लागते, याचा शांतपणे विचार केला तर उत्तर येतं: फारच कमी वेळा. जॉब एकाच पकडीत फेस, टर्न, बोअर करून तोडून घेतलात तर सगळे व्यास एकमेकांशी केंद्रात येतात, चक ०.१५ आऊट असला तरी. अडचण येते ती जॉब उलटा करून परत पकडताना. त्यासाठी चार स्वतंत्र जॉचा चक घ्या. त्यात केंद्र तुम्ही स्वतः डायलने आणता: समोरासमोरच्या दोन जॉंमधला फरक बघायचा, त्याचा निम्मा एका बाजूने ढिला करून दुसऱ्या बाजूने आवळायचा, मग दुसरी जोडी. सुरुवातीला पंधरा मिनिटं लागतात, महिन्याभरात तीन. तिथे स्पिगॉटचा मिलाफ जवळजवळ निरर्थक होतो, फक्त फेस काटकोनात हवा. एकसारखे अनेक नग असतील तर तीन जॉच्या चकालाच सॉफ्ट जॉ (कापता येणारे मऊ जॉ) लावा आणि जॉबच्या व्यासावर तिथेच बोअर करा.

आट्यांच्या नोजबद्दल सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. अशा नोजवर स्पिंडल उलटा चालवून कट घेऊ नका, आणि मोटरला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर थांबण्याचा वेळ लांब ठेवा. अचानक ब्रेक लागला की चक जडत्वाने स्वतःहून सुटत जातो, आणि सुटलेला चक बेडवर पडला तर बेडचं नुकसान हा त्यातल्या त्यात बरा परिणाम म्हणायचा. चढवताना-उतरवताना बेडवर लाकडी फळी ठेवा. चक अडकला असेल तर बॅकगिअर (वेग कमी करणारी दातेरी चाकं) अडकवून दात पणाला लावू नका. जॉमध्ये लांब लाकडी दांडा धरून तो झटक्याने ओढा, स्पिंडल बेल्टने किंवा हाताने धरलेला असू द्या. चावी चकात ठेवून हात काढायचा नाही, मोजतानासुद्धा.

तुमच्याकडे वेळ असेल तर येत्या सुट्टीत एवढंच करा: खांदा आणि प्लेट साफ करून निळा रंग, प्लेट तीनदा चढवून उतरवून तिच्या फेसचे आकडे, मग ग्राइंड केलेल्या रॉडवर १५ आणि १०० मिमीला डायल, आणि चक तिन्ही भोकांवर फिरवून तेच परत. उंच बिंदू कुठे आला तेही लिहा. ते आकडे पाठवलेत की चक परत करायचा, प्लेट परत कापायची, की दोन्ही तसेच ठेवून निवांत काम सुरू करायचं, हे मी नेमकं सांगू शकेन.